दिवाळीनंतरची मंडई : गोंदिया जिल्ह्यातील लोकोत्सवाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदिया जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईविषयी बाहेरच्या लोकांचे जे समज आहेत, त्यांपैकी बहुतेक तिला शहरातील करमणूक उद्यानाच्या मापाने मोजल्यामुळे झालेले आहेत. कोपनहेगन शहराच्या मध्यभागी १८४३ पासून चालू असलेल्या टिव्होली उद्यानाला कुंपण आहे, फाटक आहे, तिकीट आहे आणि हंगामाच्या उघडबंदीच्या तारखा आधीच जाहीर झालेल्या असतात. तेथे जाण्याचा बेत आखणे म्हणजे त्या तारखा पाहून तिकीट काढणे. मंडईला यांपैकी काहीही नसते. गाव, त्याच्या आखरालगतचे, म्हणजे गुरे जमण्याच्या जागेलगतचे, मोकळे मैदान, कापणीला आलेला धान आणि घरोघरी उतरलेले पाहुणे यांतूनच ती उभी राहते, आणि म्हणून तिची भेट ठरवताना आधी गावाचे वेळापत्रक समजून घ्यावे लागते.

पहिला समज नावामुळेच होतो. पुण्या-मुंबईकडे मंडई म्हणजे भाजीबाजार. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, म्हणजे गोंदिया, भंडारा व गडचिरोली हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला चंद्रपूर व नागपूर जिल्ह्यांचा काही भाग या पट्ट्यात, त्याच शब्दाने दिवाळीनंतरची गावजत्रा ओळखली जाते. शेजारच्या छत्तीसगडात आणि मध्य प्रदेशाच्या बालाघाटकडील भागात हिचीच बहीण शोभेल अशी मडई भरते. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला असला, तरी ही प्रथा जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमांपेक्षा जुनी असून त्या सीमा ओलांडून पसरलेली आहे.

दुसरा, आणि प्रवासाच्या दृष्टीने सर्वांत त्रासदायक ठरणारा, समज असा की मंडईची एक ठरलेली तारीख असते आणि ती जिल्हाभर एकच असते. वस्तुतः प्रत्येक गाव आपली मंडई स्वतः ठरवते आणि शेजारची गावे शक्यतो एकमेकांचा दिवस टाळतात, कारण मंडईचा सारा व्यवहार एका गावच्या लोकांनी दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाण्यावर चालतो. सगळ्यांची मंडई एकाच दिवशी आली तर पाहुणा व्हायला कोणी उरणारच नाही. मंडयांचा हंगाम पाडवा-भाऊबीजेपासून सुरू होऊन पुढे काही आठवडे चालतो. ही सुरुवात चांद्र तिथीवर अवलंबून असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते : भाऊबीज २०२३ मध्ये १५ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये ३ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २३ ऑक्टोबरला आली. गेल्या वर्षी अमुक तारखेला मंडई पाहिली म्हणून यंदा त्याच तारखेला गाडी पकडणाऱ्याला मैदान रिकामे सापडण्याची शक्यता मोठी असते. तारीख कळण्याचे खात्रीचे मार्ग जुनेच आहेत. गावातील एखाद्या ओळखीच्या कुटुंबाला विचारावे, किंवा आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी अशा तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ आणि चौकांत लागलेली नाटकांची पत्रके वाचावीत. या पत्रकांवर नाटकाचे नाव, नाट्यसंस्था, गाव आणि दिवस ठळक छापलेले असतात, आणि मंडईच्या हंगामात नाटकाचा दिवस हा बहुधा मंडईचाच दिवस असतो.

दिवाळीनंतरचाच काळ का, याचे उत्तर धानात आहे. झाडीपट्टीचे अर्थकारण भाताच्या शेतीवर उभे आहे. लवकर तयार होणारा हलका धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतो, उशिरा येणारा भारी धान त्यानंतर, त्यामुळे या दिवसांत शेतकऱ्याच्या हाती थोडाफार पैसा येऊ लागतो. हे लक्षात घेतले म्हणजे मंडई ही व्यापाऱ्यांनी भरवलेली जत्रा आहे हा समजही दूर होतो. खेळणी, बांगड्या, भांडी आणि मिठाई यांची दुकाने दुपारपासून मांडली जातात हे खरे, पण ती मंडईचा परीघ आहेत. तिच्या केंद्रस्थानी गोधन आहे. पाडव्याच्या दिवशी गुरे राखणारा गोवारी समाज गाईंना सजवून, रंगवून गोधनाची पूजा करतो आणि गाई खेळवतो. उंच बांबूला कापड आणि मोरपिसे बांधून तयार केलेली ढाल, म्हणजे हातात धरायचे शस्त्र नव्हे तर मिरवायचे पूज्य चिन्ह, डफड्याच्या व बासरीच्या साथीने नाचवली जाते. मंडईत अशा ढाली मिरवत येतात आणि त्यांच्याभोवती नाच होतो. छत्तीसगडातील राऊत समाजातही दिवाळीनंतरचा नाच आणि मिरवायचा उंच स्तंभ आढळतो, यावरून गुराख्यांचा हा उत्सव किती मोठ्या प्रदेशाला सांधणारा आहे ते ध्यानात येते. जो प्रवासी केवळ संध्याकाळचे दिवे आणि पाळणे पाहण्यासाठी उशिरा पोचतो, त्याचा हा सर्वांत मोलाचा भाग हुकतो. म्हणून दुपारीच गावात असणे श्रेयस्कर.

पाळण्यांविषयीही एक समज रूढ आहे. आकाशपाळणा ही अमेरिकी कल्पना असून ती शहरांतून खेड्यांत पोचली, असे मानले जाते, कारण जॉर्ज फेरिस याने १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात उभारलेले २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र सर्वत्र गाजले. परंतु इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६२० मध्ये ऑटोमन साम्राज्यातील बाल्कन प्रदेशात उत्सवाच्या वेळी माणसे बसवून फिरवली जाणारी लाकडी चक्रे पाहून त्यांचे वर्णन केलेले आहे. फेरिसचे कर्तृत्व प्रचंड आकारात आणि पोलादी बांधणीत आहे. पाळण्याचे मूळ घर मात्र जत्राच. लहान गावांच्या मंडईत आजही हाताने फिरवायचे बुटके पाळणे दिसतात आणि मोठ्या गावांत विजेवर चालणारे उंच पाळणे येतात. हे दोन-चार दिवसांसाठी जोडून उभारलेले सांगाडे असल्याने, मुलांना बसवण्यापूर्वी पायाखालच्या ठोकळ्यांकडे आणि आसनाच्या अडणीकडे एक नजर टाकणे पालकांच्या हाती आहे आणि ते त्यांनी करावे.

मंडईतील करमणूक म्हणजे तमाशा, हा समज तर विदर्भातील सुशिक्षितांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात येथे निदान तीन वेगळे प्रकार एकापाठोपाठ उभे असतात आणि त्यांची सरमिसळ करणे हा त्या कलावंतांवर अन्याय आहे. दंडार हे झाडीपट्टीचे जुने लोकनाट्य असून त्यात गाणे, नाच आणि लिखित संहितेपेक्षा आयत्या वेळी सुचणाऱ्या संवादांवर भर असतो, आणि परंपरेने स्त्रीपात्रेही पुरुषच रंगवतात. खडी गंमत हा शाहिरी वळणाचा प्रकार; त्यात शाहीर आणि त्याचे साथीदार उभ्याने गातात, नाच्या पोऱ्या नाचतो, डफ-तुणतुण्याच्या तालावर पौराणिक कथेपासून गावातल्या ताज्या घटनेपर्यंत सर्व काही येते, आणि तिचा खेळ बहुतेक ठिकाणी दिवसाउजेडी होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या झाडीबोलीच्या अभ्यासकांनी या लोककलांकडे गंभीरपणे पाहिले नसते, तर त्यांची नोंद मराठी नाट्येतिहासाच्या तळटीपांतही मोठ्या कष्टाने सापडली असती.

तिसरा प्रकार रात्रीचा, म्हणजे झाडीपट्टीचे नाटक. त्याच्याबद्दलचे गैरसमज अधिक आहेत, म्हणून त्याचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. हे हौशी ग्रामस्थांचे वर्षातून एकदा होणारे नाटक नव्हे. शतकाहून अधिक काळाची परंपरा असलेली ही एक व्यावसायिक रंगभूमी आहे. तिच्या नाट्यसंस्थांचे मुख्य ठाणे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, येथे असून हंगामात तेथील कलावंत आज या गावी तर उद्या त्या गावी प्रयोग करीत फिरतात. गावातील मंडळ संस्थेशी बोलणी करून प्रयोग ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि नफ्यातोट्याचा भार स्वतः उचलते. मोठ्या गावात एकाच रात्री दोन-तीन मंडपांत वेगवेगळी नाटके लागतात आणि तरीही ती भरतात. पडदे, प्रकाशयोजना, रंगमंचाशेजारी बसून प्रत्यक्ष वाजवणारे वादक, स्त्री भूमिकांत स्त्रियाच, आणि तालमीला वेळ कमी असल्याने पडद्याआडून संवाद पुरवणारा प्रॉम्प्टर, ही या रंगभूमीची वैशिष्ट्ये. विषय प्रामुख्याने कौटुंबिक व सामाजिक असतात, त्यांत शेतकऱ्याचे कर्ज, हुंडा, दारू, भावकीतील वाद हे सारे येते, आणि प्रेक्षकांत निम्म्याच्या आसपास बायकामुले असतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ अभिनेते परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा महाराष्ट्रातील अनेकांना तिचे नाव प्रथमच कळले. ही गोष्ट झाडीपट्टीच्या नव्हे, उर्वरित महाराष्ट्राच्या उणिवेची आहे. मंडई आणि बैलांचे पट यांच्या निमित्ताने अलीकडे अश्लील नाचांचे जे कार्यक्रम काही ठिकाणी होतात, त्यांच्या बातम्या अधिक पसरल्यामुळे सारी झाडीपट्टी त्याच रंगात रंगवली जाते, आणि पहाटेपर्यंत घसा फोडून गाणाऱ्या कलावंतांच्या कष्टांना त्याची किंमत मोजावी लागते.

नाटक पाहण्याचा बेत करणाऱ्याने तीन तासांच्या शहरी प्रयोगाची अपेक्षा ठेवू नये. पडदा रात्री दहा-अकराच्या सुमारास, कधी त्याहूनही उशिरा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. मंडईत फिरायला पैसे लागत नाहीत, परंतु नाटकाला तिकीट असते आणि खुर्चीचे व जमिनीवरच्या बैठकीचे दर वेगळे असतात. गोंदिया परिसर विदर्भातील थंड भागांपैकी असून डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरते, दिवाळीनंतरच्या रात्रींनाही उघड्या मैदानात दव पडते; त्यामुळे शाल, कानटोपी आणि खाली अंथरायला जाडसे कापड जवळ असावे. गावातले प्रेक्षक हे सारे घेऊनच घरून निघतात.

बाहेरच्या माणसाला मंडईत स्थान नसते, असा संकोच काहींच्या मनात असतो. मंडई पाहुण्यांसाठीच असते. सासरी गेलेल्या मुली या दिवसांत माहेरी येतात, जावई, व्याही, मामे-मावस भावंडे जमतात, एकेका घरात दहा-वीस माणसांचे जेवण होते आणि पुढच्या हंगामातील सोयरिकींच्या गोष्टी याच ओसऱ्यांवर सुरू होतात. ओळखीने आलेल्या परक्यालाही ताट वाढले जाते. मात्र या पाहुणचाराला हॉटेल समजू नये. खेड्यांत भाड्याच्या खोल्या बहुधा नसतात आणि घरे आधीच भरलेली असतात, म्हणून मुक्काम गोंदिया शहरात किंवा तालुक्याच्या गावी ठरवून मगच निघावे. मैदानावर भजी, जिलेबी आणि उकडलेले शिंगाडे मिळतात. शिंगाडे चुकवू नयेत : मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांच्या काळापासून चालत आलेली या जिल्ह्याची असंख्य जुनी तळी, यांतून धीवर समाज ते याच ऋतूत काढतो.

पोचणे अवघड आहे, हाही समज नकाशा न पाहिल्याने होतो. गोंदिया हे हावडा-मुंबई लोहमार्गावरील मोठे जंक्शन आहे. याच मार्गावर नागपूरच्या बाजूला तिरोडा आणि छत्तीसगडच्या बाजूला आमगाव व सालेकसा ही तालुक्याची गावे येतात, तर दक्षिणेकडे बल्लारशाहला जाणारी गाडी सौंदड, अर्जुनी मोरगाव आणि पुढे वडसा येथे नेते. खरी अडचण परतीची असते, कारण नाटक सुटते त्या वेळी एसटी नसते आणि अनेक रस्ते जंगलातून जातात. नवेगाव-नागझिरा हा २०१३ मध्ये घोषित झालेला व्याघ्रप्रकल्प याच जिल्ह्यात व शेजारच्या भंडाऱ्यात पसरला असल्याने रात्री दुचाकीवरून परतण्यापेक्षा उजाडेपर्यंत मंडपातच थांबणे शहाणपणाचे, आणि बहुसंख्य प्रेक्षक तेच करतात.

मंडईच्या पुढे हिवाळ्यात ठिकठिकाणी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, होतात. त्या बंद आहेत असे अजूनही अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्यांना मनाई केली होती. त्यानंतर महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता परवानगी घेऊन आणि बैलांना इजा न करण्याच्या अटी पाळूनच पट भरवता येतो. परवानगी नसलेल्या पटाला प्रेक्षक म्हणूनही जाऊ नये.

शेवटचा गोंधळ जत्रा आणि यात्रा यांतील आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास जे लाखो लोक येतात, ते करमणुकीसाठी येत नाहीत. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्याशी जोडलेले ते गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून तेथील गुहेकडे जाणारी वाट भाविकांची आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडला महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि तेथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही असल्याने दोन्ही धर्मांचे लोक येतात. या ठिकाणीही दुकाने आणि पाळणे असतात, परंतु कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी तेथे विचारावे लागते, आणि कचारगडला जायचे तर दरेकसा स्थानकावर उतरून पुढचा बराचसा रस्ता पायी चालण्याची तयारी ठेवावी लागते.