दक्षिण ध्रुवाच्या समुद्रात माशांची मोजदाद

आपल्या डोणगावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आपल्या बाजारात येणारे मासे धरणांतले आणि तलावांतले : कटला, रोहू, मृगळ, कधी नशिबाने मरळ. मग थेट अंटार्क्टिकाच्या बर्फाळ समुद्रातल्या मासेमारीची उठाठेव आपण का करावी? कारण सरळ आहे. पाण्याखालची दौलत डोळ्यांना दिसत नाही. ती किती आहे, त्यातली किती काढावी आणि किती मागे ठेवावी, हा प्रश्न गावच्या तलावाला लागू आहे तसाच जगाच्या टोकाच्या महासागरालाही आहे. तिथे हा हिशेब कसा ठेवतात ते समजून घेतले, तर आपल्या पाण्याकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू.

या समुद्राशी आपल्या देशाचे नाते जोडणाऱ्या माणसाचे नाव आपल्या घराघरांत माहीत असायला हवे. डॉ. सय्यद झहूर कासिम. अलाहाबादेत जन्म, अलीगढमध्ये शिक्षण आणि पुढे ब्रिटनमधील वेल्समध्ये सागरी जीवशास्त्रात संशोधन. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते संचालक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून निघाली आणि २१ जणांचे हे पथक ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फाच्या त्या खंडावर उतरले. पुढे डॉ. कासिम दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूही झाले.

दोनच वर्षांनी, तिसऱ्या मोहिमेत, आपल्या विदर्भाची एक लेक तिथे पोहोचली. नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत या समुद्रशास्त्रज्ञ. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या महिला.

या सूक्ष्म वनस्पतींवर जगतो क्रिल. दिसायला झिंग्यासारखा, लांबी फार तर सहा सेंटिमीटर. पण देवमासे, सील, पेंग्विन आणि कितीतरी मासे यांचे पोट त्याच्यावर भरते. क्रिल कमी झाला तर ही सगळी उतरंड कोसळेल. माणूस तो पकडतो तो मुख्यतः मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी आणि तेलासाठी. औषधांच्या दुकानात ‘ओमेगा-३’च्या ज्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या काहींत हेच क्रिलचे तेल असते. भारतानेही १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ हे संशोधन जहाज क्रिलच्या अभ्यासासाठी दक्षिण महासागरात पाठवले होते.

हिशेबाची गरज का पडली, तेही पाहू. दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ एका जातीचे मासे मुबलक होते. १९६९-७० च्या एका हंगामात सोव्हिएत जहाजांनी त्यांतले सुमारे चार लाख टन उपसले. दोन-तीन वर्षांतच ती मासेमारी बसली आणि पुढे कित्येक वर्षे त्या माशांची संख्या सावरली नाही. क्रिलचेही असेच होईल या धास्तीने देश एकत्र आले. १९८० मध्ये कॅनबेरा येथे करार झाला आणि १९८२ पासून तो अमलात आला. त्याचा कारभार पाहणाऱ्या आयोगाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कॅमलार’ म्हणतात. त्याचे कार्यालय ऑस्ट्रेलियातील होबार्ट शहरात आहे आणि भारत १९८६ पासून त्याचा सदस्य आहे.

या कराराची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. एखादा मासा किती उरला एवढेच पाहून चालणार नाही, त्याच्यावर जगणाऱ्या इतर जिवांचा वाटाही आधी बाजूला काढला पाहिजे, असे हा करार सांगतो. म्हणून शास्त्रज्ञ पेंग्विनची पिल्ले मोजतात, त्यांचे वजन करतात आणि त्यांनी काय खाल्ले ते तपासतात. पिल्ले हडकुळी निघाली, तर समुद्रात काहीतरी बिघडले आहे हे कळते.

पण न दिसणारे मासे मोजायचे कसे? क्रिलचे थवे ध्वनिलहरी सोडून मोजतात. जहाजातून सोडलेला आवाज थव्यावर आपटून परत येतो आणि त्यावरून थवा किती मोठा ते ठरते. खोल पाण्यातल्या ‘टूथफिश’ या महागड्या माशासाठी दुसरी रीत आहे. पकडलेल्या माशांपैकी काहींना क्रमांकाची खूण लावून परत सोडायचे. नियम असा की पकडीच्या प्रत्येक टनामागे निदान एक मासा सोडायचा. काही भागांत त्याहून जास्त.

हा हिशेब मुलांना घरीच करून दाखवता येतो. एका मोठ्या भांड्यात न मोजता हरभरे घ्या. त्यातले ४० काढून पेनाने खूण करा, परत टाका आणि चांगले ढवळा. आता डोळे मिटून ६० दाणे काढा. समजा त्यांत ६ खुणेचे निघाले, म्हणजे दहात एक. याचा अर्थ ४० हा सगळ्या दाण्यांचा दहावा भाग, म्हणजे भांड्यात सुमारे ४०० दाणे आहेत. मग मोजून पाहा. थोडा फरक पडेल, पण अंदाज जवळचा निघेल. अथांग समुद्रातल्या माशांचा अंदाज याच युक्तीने बांधतात.

नुसती मोजणी पुरत नाही, राखणही लागते. म्हणून या समुद्रात जाणाऱ्या मासेमारी जहाजांवर शास्त्रीय निरीक्षक असतात. १९९० च्या दशकात टूथफिशची चोरटी मासेमारी फार बोकाळली. तेव्हा २००० साली असा नियम झाला की मासा कुठे, कधी आणि कोणत्या जहाजाने पकडला याचा दाखला बाजारापर्यंत मालासोबत गेला पाहिजे. लांब दोरीच्या गळांत अडकून हजारो समुद्रपक्षी मरत. आता दोऱ्या रात्री सोडतात, त्यांना वजन बांधतात आणि पक्ष्यांना हुसकावणाऱ्या फिती लावतात. दक्षिण जॉर्जियाजवळ त्या पक्ष्यांचे मरण जवळजवळ थांबले.

तरीही सगळे आलबेल नाही. क्रिलची मासेमारी जिथे सर्वाधिक चालते त्या भागात २०१९ च्या पाहणीत सुमारे सहा कोटी टन क्रिल असल्याचा अंदाज निघाला. तिथली मर्यादा आहे ६ लाख २० हजार टन, म्हणजे जेमतेम एक टक्का. मग काळजी कसली? काळजी अशी की सगळी जहाजे किनाऱ्याजवळच्या त्याच मोजक्या जागी गर्दी करतात, जिथे पेंग्विन आपल्या पिल्लांसाठी घास शोधत असतात. म्हणून ही मर्यादा वेगवेगळ्या भागांत वाटून दिलेली होती. २०२४ मध्ये त्या वाटणीची मुदत संपली आणि नव्या वाटणीवर सदस्यांचे एकमत झाले नाही. पुढच्याच हंगामात, २०२५ मध्ये, ही पूर्ण मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि मासेमारी वेळेआधी बंद करावी लागली. या आयोगात निर्णय एकमतानेच होतात. एकानेही नकार दिला तर काम अडते. म्हणूनच भारताच्या मताला तिथे वजन आहे.

आता आपल्याकडे पाहू. पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून २०२३ मध्ये जाहीर झाला. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांची ती मागणी होती, कारण पिल्लेच पकडली गेल्याने पापलेट घटत चालले होते. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडू नये, असा नियम केला. किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद असते तीही याचसाठी.

आपल्या तालुक्यातल्या तलावांनाही हेच तत्त्व लागू आहे. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारा, गाभोळीने भरलेला मासा पकडला, तर एका जेवणात पुढच्या हंगामाची हजारो पिल्ले संपतात. बारीक आसाच्या जाळ्यात बोटाएवढी पिल्ले येतात आणि ज्या भोई कुटुंबांची रोजी त्या पाण्यावर चालते, त्यांचाच घास जातो. पाणी ही अमानत आहे असे आपण म्हणतो. अमानत मोजून घ्यावी लागते आणि मोजून परतही करावी लागते.

घरच्या पातळीवर आपल्याला दोन-तीन गोष्टी सहज जमतील. बोटभर पिल्ले स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत. पावसाच्या तोंडावर अंडीभरल्या माशाचा हट्ट धरू नये. आणि बारावी विज्ञान करणाऱ्या मुला-मुलींसमोर डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच वाटा ठेवू नयेत. नागपूर आणि उदगीर येथे मत्स्यविज्ञानाची शासकीय महाविद्यालये आहेत. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे आणि गोव्यात वास्को येथे ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. अलाहाबादेतही समुद्र नाही आणि नागपुरातही नाही. तिथली मुले अंटार्क्टिकापर्यंत पोहोचली, मग डोणगावच्या मुला-मुलींनी ती वाट का धरू नये?