स्पॅनिश शिकताना फोन कुठे कामाला येतो आणि कुठे हात वर करतो

माद्रिदला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. घसा धरला, ताप आला. दवाखान्याच्या ॲपवरून डॉक्टरांची वेळ घेतली. ॲप स्पॅनिशमध्ये, म्हणून प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढायचा, ट्रान्सलेट ॲपमध्ये टाकायचा आणि पुढे जायचं असं चाललं होतं. शेवटी शेवटी कंटाळा आला. एका स्क्रीनवर 'प्रेसेन्थिआल' आणि 'तेलेफोनिका' असे दोन पर्याय होते. मला वाटलं फोन नंबर मागताहेत. दुसरा दाबून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधी जाऊन दवाखान्यात बसले. बसूनच राहिले. मध्येच नंबर न दाखवणारा एक कॉल आला, तो भारतातल्या सवयीने स्पॅम समजून कट केला. तो डॉक्टरांचाच कॉल होता! मी निवडलेल्या पर्यायाचा अर्थ 'डॉक्टर फोनवरून बोलतील' असा होता.

नशीब, त्यांनी परत फोन केला. मी कॉल चालू ठेवून घाईघाईत ट्रान्सलेट ॲप उघडलं, माइकचं बटण दाबलं, आणि ॲप ढिम्म. एक शब्द उमटला नाही. डॉक्टरांच्या बोलण्यातला मला फक्त 'ओचो' कळला. ओचो म्हणजे आठ. पण आठ काय? आठ गोळ्या की आठ दिवस? औषधाच्या दुकानात कार्ड दाखवल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवर चिठ्ठी दिसली आणि दुकानातल्या बाईंनी खोक्यावर पेनाने लिहून दिलं: दर ८ तासांनी एक.

माझं ऑफिस इंग्रजीत चालतं. त्यामुळे 'स्पॅनिश काय, फोन आहे ना' असं म्हणत मी संध्याकाळचा क्लास अधूनमधून बुडवत होते. त्या दिवसानंतर नाही बुडवला.

कॉलवर ट्रान्सलेट ॲप मुकं का होतं?

हा बग नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. अँड्रॉइडवर कॉल चालू असताना माइकचा आवाज कॉलला मिळतो आणि बाकीच्या साध्या ॲपना नुसती शांतता मिळते. असं नसतं तर कुठलंही टॉर्चचं ॲप तुमचे कॉल ऐकत बसलं असतं. आयफोनवरही बाहेरच्या ॲपला कॉलमध्ये शिरता येत नाही. काही फोनमध्ये कंपनीनेच कॉलचं भाषांतर दिलेलं असतं. सॅमसंगने ते २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ सोबत आणलं, त्यात स्पॅनिश आहे. पण दोन्ही बाजूंना थांबून थांबून बोलावं लागतं आणि घाईतला माणूस तेवढा थांबत नाही.

जुगाड एकच. कॉल स्पीकरवर टाका आणि शेजारी दुसरा जुना फोन ठेवून त्यावर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब स्पॅनिशवर लावा. बोललेलं अक्षरांत दिसतं. महत्त्वाच्या कॉलसाठी मी हे करते. पण रस्त्यात, मेट्रोत, बिल्डिंगच्या दारावरच्या इंटरकॉमवर दुसरा फोन कुठून आणणार?

म्हणून मी कामाची वाटणी करून टाकली. वाचायचं काम फोनचं, ऐकायचं आणि बोलायचं माझं.

वाचायचं काम फोनला देताना

स्पेनमध्ये सरकारी कामाची सुरुवात एका शब्दाने होते: 'थिता प्रेविया', म्हणजे आधी घेतलेली वेळ. पत्ता नोंदवणं असो की बोटांचे ठसे देऊन परदेशी रहिवाशाचं कार्ड काढणं असो, आधी ऑनलाइन वेळ घ्यायची. हे फॉर्म भाषांतर करून वाचायला हरकत नाही, पण दोन ठिकाणी सावध राहा.

पहिलं म्हणजे नाव. इथे माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडून आणि एक आईकडून. फॉर्ममध्ये तीन रकाने येतात: नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हेही तीनच! मी तीन रकान्यांत तीन शब्द टाकले आणि वडिलांचं नाव माझं आडनाव होऊन बसलं. एका कार्यालयात त्या नावाने पुकारा झाला आणि मी शांतपणे बसून होते, कारण बाबा तर साताऱ्यात आहेत. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये जे आहे ते सगळं नावाच्या रकान्यात, 'सरनेम' पहिल्या आडनावात, आणि दुसरं आडनाव रिकामं ठेवता येत असेल तर रिकामं. हे ट्रान्सलेट ॲप सांगत नाही, कारण त्याने भाषांतर बरोबरच केलेलं असतं.

दुसरं म्हणजे आकडे. इथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. म्हणजे १.२०० युरो भाडं म्हणजे बाराशे युरो, एक युरो वीस सेंट नव्हे.

परदेशी माणसाला इथे एनआयई नावाचा ओळख क्रमांक मिळतो. सुरुवातीला एक्स, वाय किंवा झेड, मग सात अंक, मग एक अक्षर. ते शेवटचं अक्षर उगाच नाही. एक्सच्या जागी ०, वायच्या जागी १, झेडच्या जागी २ धरायचं, होणाऱ्या संख्येला २३ ने भागायचं आणि बाकीवरून ठरलेल्या तक्त्यातलं अक्षर घ्यायचं. एक अंक चुकला तरी फॉर्म लगेच ओरडतो. आपल्या आधारचा शेवटचा अंकही असाच तपासणीचा असतो. (याचा स्पॅनिश शिकण्याशी संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

पैशांचं सोपं आहे. इथलं यूपीआय म्हणजे बिथुम, तेही २०१६ चंच. फक्त वेगळं ॲप लागत नाही, तुमच्या स्पॅनिश बँकेच्या ॲपमध्येच असतं आणि समोरच्याच्या मोबाइल नंबरवर पैसे जातात. भारतातलं सिम मात्र दुसऱ्या स्लॉटमध्ये रोमिंगसह चालू ठेवा, नाहीतर भारतातल्या बँकेचा ओटीपी कधीच येणार नाही.

इंग्रजीमार्गे जाऊ नका

आता शिकण्याचं. मी सुरुवातीला इंग्रजीतून शिकत होते आणि प्रत्येक नियम अपवाद वाटत होता. 'मे गुस्ता एल काफे' हे इंग्रजीतून समजायला गेलं की 'कॉफी मला आवडवते' असं काहीतरी उलटंपालटं होतं. आता मराठीत बघा: मला कॉफी आवडते. मे म्हणजे मला. संपलं! पुढे पुस्तकं आवडत असतील तर 'मे गुस्तान लोस लिब्रोस', मला पुस्तकं आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या गोष्टीप्रमाणे बदलतं, मला तसंच राहतं. वर्गातले इंग्रजी बोलणारे लोक यावर आठवडाभर डोकं धरून बसले होते.

तसंच 'तू' आणि 'उस्तेद'. तू म्हणजे चक्क तू, उस्तेद म्हणजे तुम्ही. इंग्रजीत दोघांचं 'यू' होतं. मराठी ते स्पॅनिश भाषांतर मध्ये इंग्रजीतून गेलं, तर हा फरक वाटेत गळतो. तुम्हीच करून बघा: 'तू कधी येणार?' आणि 'तुम्ही कधी येणार?' ही दोन वाक्यं ॲपमध्ये टाका आणि उत्तर वेगळं येतं का ते पाहा. डॉक्टर किंवा शेजारच्या आजींना मेसेज पाठवण्याआधी हे एकदा तपासाच. स्पेनमध्ये तू पटकन चालून जातं, पण वयस्कर अनोळखी माणसाला आपण उस्तेद म्हटलेलं बरं.

उच्चारातही आपली चंगळ आहे. त, द, प, क हे स्पॅनिशमध्ये जवळपास आपलेच. 'एच' लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून नमस्कार हा टॅक्सीच्या ॲपसारखा 'ओला'. मी वहीत उच्चार देवनागरीतच लिहिते, रोमनमध्ये लिहिले की जीभ आपोआप इंग्रजीकडे वळते.

सगळंच जुळतं असं नाही. 'आहे'साठी इथे दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार', आणि ती अजून मला फसवतात. लिंगं दोनच, पण आपल्या शब्दांशी जुळत नाहीत.

कान तयार करायचे तर

जीबोर्डमध्ये स्पॅनिश कीबोर्ड जोडा आणि बोलून टाइप करा. फुकटात उच्चार तपासणारे सर मिळाले! पण यात एक मेख आहे. अख्खं वाक्य बोललात तर फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि चुकीचा उच्चारही बरोबर लिहितो. म्हणून सुटे शब्द बोला: 'पेरो' एका र ने म्हणजे पण, दणकून र लावला तर कुत्रा. फोनने 'पण' लिहिलं आणि तुम्हाला कुत्रा हवा होता, तर अजून सराव करा.

शब्द लक्षात ठेवायला मी अँकी वापरते. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड नावाने फुकट आहे. आठवलेलं कार्ड ते लांबच्या तारखेला ढकलतं, विसरलेलं लगेच परत आणतं. आपण किती वेगाने विसरतो हे जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं होतं, त्याच कल्पनेचं हे ॲप. मात्र तयार गठ्ठे घेऊ नका. त्यात हत्ती, जिराफ असतात. माझ्या कार्डांवर मला अडलेली वाक्यं आहेत, माझ्या शिक्षिकेच्या आवाजात रेकॉर्ड केलेली: 'मास देस्पाथिओ, पोर फावोर', जरा सावकाश बोला. 'कादा ओचो ओरास', दर आठ तासांनी. आणि बाजारातल्या दुकानात शिरताच विचारायचं 'किएन एस एल उल्तिमो?', रांगेत शेवटचं कोण? रांग दिसत नसते, ती लोकांच्या डोक्यात असते. हे न विचारता पुढे गेलात तर आजीबाई सोडत नाहीत.

आकड्यांचा सराव वेगळा करा. इथला मोबाइल नंबर नऊ आकडी असतो, आणि लोक तो सुट्या अंकांत सांगत नाहीत. सहाशे बारा, चौतीस, छप्पन्न, अठ्ठ्याहत्तर असा तुकड्यांत येतो. अर्धा मिनिट मागे पडलात की गेला.

मित्रमंडळींचे व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज तर सोनं आहेत. व्हॉट्सॲपची मेसेज लिहून दाखवायची सोय स्पॅनिशमध्ये चालते, पण आधी तीनदा ऐका, मग लिहिलेलं उघडा. उलट केलंत तर डोळे वाचतात आणि कान झोपतात.

मागच्या महिन्यात गॅसची तपासणी करणाऱ्या माणसाचा फोन आला, मी मेट्रोच्या जिन्यात होते. तो भराभर बोलला, मला पुन्हा तोच शब्द कळला: 'ओचो'. या वेळी मी विचारलं, 'दे ला मान्याना ओ दे ला तार्दे?' सकाळचे की संध्याकाळचे? तो म्हणाला, सकाळचे. बरोबर आठला बेल वाजली.