श्वास किती, आणि किती वेळात?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, मला छाती भरून श्वास घेता येतो. मग डॉक्टर फुप्फुसात अडथळा आहे म्हणतात, ते कशावरून?" मी वैद्य नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर. पण प्रश्न मोजण्याचा आहे, म्हणून आज तोच घेऊ.

लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली स्पायरोमीटरवर दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला. त्यांनी मोजलं ते 'किती'. 'किती वेळात' हे मोजायला १९४७ उजाडलं. फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी ते केलं.

फरक काय पडतो? बादली आणि सुरई, दोन्हींत पाणी सारखंच. उपडी केली की बादली क्षणात रिकामी होते, सुरई बुडबुडत बसते. दमा आणि सीओपीडी यांत श्वासनलिका अशाच अरुंद होतात. समजा, निरोगी माणसानं जोर लावून ४ लिटर हवा सोडली. त्यातली ३.२ लिटर पहिल्याच सेकंदात बाहेर येते, म्हणजे ८० टक्के. रुग्णाची एकूण हवा ३.६ लिटर भरेलही, पण पहिल्या सेकंदात १.८ च. म्हणजे ५० टक्के. रोग दिसतो तो या गुणोत्तरात.

शिवाय बरीच हवा आतच अडकते. ती साध्या स्पायरोमेट्रीत दिसत नाही. रुग्ण म्हणतो, "श्वास आत जात नाही." खरं म्हणजे जुना श्वास बाहेरच पडलेला नसतो. भरलेल्या एसटीत नवा प्रवासी चढणार कुठे?

आता मुद्द्याचं. फवाऱ्याचं औषध दिल्यावरही गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं, तर सीओपीडी धरण्याची पद्धत आहे. पण ही रेघ माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे. वयाबरोबर हे गुणोत्तर सगळ्यांचंच उतरतं. त्यामुळे माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या धडधाकट माणसावर रोगाचा शिक्का बसू शकतो. आणि लहानपणापासून चुलीच्या धुरात बसलेली पस्तिशीतली बाई ०.७१ वर 'नॉर्मल' ठरून घरी जाऊ शकते. म्हणून वयानुसार अपेक्षित असलेली किमान मर्यादाही पाहावी लागते.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की एका आकड्यानं घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. डॉक्टरांना विचारा: माझ्या वयाला हे गुणोत्तर किती असायला हवं? आणि धाप लागते, धुरात दिवस गेलेत, हे आपणहून सांगा. ते यंत्राला कळत नाही.