उष्ण पाण्याच्या टाकीचा निचरा

लखनौचा हिवाळा थोड्या दिवसांचा, पण बोचरा असतो. जानेवारीत रात्रीचे तापमान ७-८ सेंटिग्रेड अंशांपर्यंत उतरते. तरीही थंड देशांतल्याप्रमाणे सबंध घर नळांतून फिरणाऱ्या ऊन पाण्याने तापविण्याची गरज तेथे पडत नाही. न्हाणीघरातील गीझरवर काम भागते. मात्र त्याच्या टाकीचाही अधूनमधून निचरा करावा लागतो.

त्याचे कारण लखनौच्या मातीत आहे. हे शहर गंगेच्या गाळाच्या मैदानात, गोमतीच्या काठी वसले आहे. या गाळात चुनखडीचे खडे आढळतात. त्यांना ‘कंकर’ म्हणतात. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड वायू विरघळलेला असतो. असे पाणी चुनखडी हळूहळू विरघळविते व कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. अशा पाण्यात साबणाला फेस लवकर येत नाही. म्हणून त्यास दुष्फेन पाणी म्हणतात.

हे पाणी तापविले की उलट क्रिया घडते. वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होऊन त्याचे पांढरे पुट तापणाऱ्या दांडीवर बसते. पुटातून उष्णता सावकाश वाहते. त्यामुळे पाण्याला तितकीच उष्णता देण्यासाठी दांडीला अधिक तापावे लागते व अखेरीस ती जळते. तळाशी साचलेल्या गाळाने सुरक्षा-झडप अडली, तर धोका याहून मोठा असतो. तापनियंत्रक बिघडून दाबाखालील पाणी १०० अंशांपलीकडे तापले आणि टाकी फुटली, तर त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या दीड हजारपटींहून अधिक जागा लागते.

निचऱ्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम विजेचा प्रवाह मुख्य बटणापासून तोडावा. नंतर पाणी निवू द्यावे. ६० अंशांचे पाणीही काही सेकंदांत त्वचा भाजते. मग थंड पाण्याची आवक बंद करून गरम पाण्याची तोटी उघडावी. तिच्यातून हवा आत शिरली नाही, तर पाणी नीट बाहेर पडत नाही. त्यानंतर तळाचा निचऱ्याचा मार्ग उघडावा. पुष्कळ पोलादी टाक्यांत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचविते. ती संपत आली असल्यास जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावी. टाकी पुन्हा भरताना गरम पाण्याची तोटी उघडीच ठेवावी. तिच्यातून पाण्याची अखंड धार येऊ लागली, की टाकी भरली असे समजावे. त्यापूर्वी वीज सुरू केल्यास कोरडी दांडी जळून जाते.

घर तापविणाऱ्या यंत्रणेचा निचरा पुष्कळसा याच क्रमाने होतो. नियम मात्र वेगळा आहे. गीझरमध्ये रोज नवे पाणी व नवा चुना येतो. तापनयंत्रणेत तेच पाणी पुनःपुन्हा फिरते. त्यातील थोडा चुना एकदाच खाली बसतो आणि विरघळलेला ऑक्सिजन लोखंड गंजवून संपून जातो. वारंवार पाणी बदलल्यास नवा ऑक्सिजन आत येऊन गंज वाढतो. म्हणून ती यंत्रणा दुरुस्तीसाठी, किंवा कडक थंडीत घर बंद राहणार असेल तेव्हाच रिकामी करतात. कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते व नळ फोडते. लखनौत ही भीती नाही. तेथे उन्हाळाभर बंद असलेला गीझर थंडीच्या तोंडावर एकदा रिकामा करून धुतला, म्हणजे पुष्कळसे संकट टळते.