३६० रुपये आणि डहाणूचे कापरेकर मास्तर



गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाची वही आणि पेटी जुळेना. वहीप्रमाणे हवे होते त्यापेक्षा पेटीत ३६० रुपये कमी. हिशेब ठेवणारी ताई दोनदा मोजून रडकुंडीला आली. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण नजरा कळतात ना!

तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "तीन आणि सहा नऊ. नवाने भाग जातोय, आकडे उलटे पडले असतील. आधी वही बघा." बघितलं तर मागच्या पानावरची शिल्लक होती ४,३७०, आणि नव्या पानावर उतरवताना झाली होती ४,७३०. पैसे पेटीत पूर्ण होते.

हे कसं? दशकाच्या घरातला ७ म्हणजे सत्तर. तोच शतकाच्या घरात गेला की सातशे. वाढ ६३० ची. उलट ३ खाली उतरला, तीनशेचे तीस झाले, घट २७०. उरले ३६०. आकडा घर बदलतो तेव्हा फरक नेहमी ९, ९०, ९०० अशाच पटीत पडतो. पण खरेच नव्वद रुपये गेले तरी नवाने भाग जाईलच. म्हणून ही खूण फक्त कुठे शोधायचं ते सांगते, निकाल देत नाही.

याच गमतीवर मोठं काम करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्या डहाणूचे. जन्म १७ जानेवारी १९०५. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. मास्तरांचा नुसता खेळ, म्हणून काही जाणकारांनी नाक मुरडलं. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिलं आणि नाव जगभर गेलं.

त्यांना ४५ सारख्या संख्या आवडत. ४५ गुणिले ४५ म्हणजे २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५! मोठी हवी तर १,४२,८५७ घ्या. तिला तिनेच गुणलं की येतात २० अब्ज ४० कोटी ८१ लाख २२ हजार ४४९. ही लांबलचक संख्या २०४०८ आणि १२२४४९ अशी तोडून बेरीज करा. परत १,४२,८५७. अशा संख्यांना कापरेकर संख्याच म्हणतात.

१९४६ मध्ये त्यांना ६१७४ सापडला. कोणतेही चार आकडे घ्या, चारही सारखे नकोत. मोठ्यापासून लहान असे मांडा, त्यातून उलटे मांडून वजा करा. शून्य आलं तर सोडू नका. समजा ३५२४:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही करा, ६१७४ च येतो. फार तर सात वजाबाक्या लागतात. आणि प्रत्येक उत्तराला नवाने भाग जातो, कारण आकडे तेच, फक्त घरं बदललेली. आमच्या ताईच्या ३६० सारखंच.

तुमच्या मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे घेऊन आज रात्री करून बघा. मुलांनाही जवळ बसवा.