किती जीबीचं कार्ड?

सकाळी ८.१०

डोंबिवलीहून फास्ट, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची स्लो, मग ग्रँट रोड. बॅगेत वर जेवणाचा डबा आणि खाली बबलच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एका गिऱ्हाइकाचं ग्राफिक्स कार्ड. काल रात्री घरी नेऊन तीन तास चालवून पाहिलं, पंखा बदलल्यावर आता गप्प चालतंय. लेडीज डब्यात धक्काबुक्की झाली की ती बॅग मी पोटाशी धरते. आतली वस्तू कुणाच्या तरी वर्षभराच्या बचतीची असते.

सकाळी ९.४०

शटर वर. रस्त्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी गव्हर्नर लॅमिंग्टनचं नाव मुंबईच्या तोंडून गेलेलं नाही. बाबा याच गाळ्यात टीव्हीचे सर्किट बोर्ड दुरुस्त करायचे, पुढे संगणक असेंबल करू लागले. टेबल त्यांचंच आहे, सोल्डरिंगच्या डागांसकट. त्यावर मी दोन उघडी मशिनं कायम मांडून ठेवते. एकात एएमडीचा रायझन ५ ५६००जी आहे, ज्याचं ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात असतं. दुसऱ्यात आरटीएक्स ४०६० कार्ड आहे. दोन्हींच्या पुढ्यात सारखेच मॉनिटर. गिऱ्हाइकाला तोंडाने सांगण्यापेक्षा डोळ्यांनी पाहू द्यावं, हे मला फार उशिरा सुचलं.

सकाळी १०.२५

पहिला फोन साताऱ्याहून. मुलगा रडवेला. नवीन कार्ड घातलंय, पण गेम आधीसारखाच अडकतोय, कार्ड खराब आलंय का?

"मशीनची पाठ बघ. मॉनिटरची केबल कुठे आहे? वर, माउस-कीबोर्ड लावतोस तिथे, की खाली, आडव्या पट्टीत?"

"वर."

"खाली लाव."

दोन मिनिटं शांतता. मग मागून कुणीतरी ओरडल्याचा आवाज आणि "ताई, झालं!" वरचं भोक बोर्डाचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं. खालचं कार्डाचं. हजारो रुपयांचं कार्ड आत नुसतं बसून होतं आणि पोरगा आठवडाभर जुन्याच चित्रावर खेळत होता. असा फोन महिन्यातून तीन-चारदा येतो. यात हसण्यासारखं काही नाही. जोडून देणाऱ्याने एक वाक्य सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, एवढंच.

सकाळी ११.१५

शनिवारची गर्दी सुरू झाली तेव्हा हे दोघे आले. वडील बेस्टमध्ये कंडक्टर, राहायला लालबागला. मुलगा बारावी होऊन इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. मॉनिटरसकट पंचेचाळीस हजार, त्यावर एक रुपया नाही. वडिलांनी खिशातून घडी घातलेलं कोटेशन काढलं. दुसऱ्या एका दुकानातलं होतं.

मी वाचलं. आय५ १२४००एफ. सोळा जीबी रॅम, एक पट्टी. दोन जीबी ग्राफिक्स कार्ड, जीटी ७१०. रंगीत दिव्यांचं "गेमिंग" कॅबिनेट.

"दोन जीबीचं कार्ड आहे ना त्यात," वडील म्हणाले. "तुमच्याकडे किती जीबीचं देणार?"

हाच प्रश्न. बावीस वर्षांत मी तो किती वेळा ऐकला असेन! लोक कार्ड जीबीवर मोजतात, जशी पूर्वी टीव्हीची मोठाई इंचांवर मोजायची. त्यात त्यांची चूक नाही, पेटीवर तोच आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो.

मी कोटेशनवरच्या एका अक्षरावर बोट ठेवलं. "हा एफ बघा. प्रोसेसर चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इंटेलच्या नावामागे एफ आला की त्याच्या पोटातलं ग्राफिक्स बंद असतं. कार्ड लावलं नाही तर पडदा काळाच राहील. म्हणून त्यांनी मिळेल ते सगळ्यात स्वस्त कार्ड चिकटवलंय. हे चित्र दिसण्यापुरतं कार्ड आहे, खेळण्याचं नाही."

जीटी ७१० केपलर पिढीतलं. ती पिढी २०१२ साली आली आणि २०२१ नंतर एनव्हिडियाने तिला नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर देणं बंद केलं. त्याच्या डीडीआर३ प्रकारात मेमरीचा वेग सेकंदाला १४.४ जीबी. आणि समोरच्या टेबलावरच्या ५६००जीला कार्डच नाही, पण ३२०० वेगाच्या दोन डीडीआर४ पट्ट्या लावल्या की त्याला सेकंदाला ५१.२ जीबीची वाट मिळते. म्हणजे "कार्ड असलेलं" मशीन "कार्ड नसलेल्या" मशीनच्या मागे. गरिबाच्या पैशाला असा "ग्राफिक्स कार्ड" नावाचा टिळा लावलेला पाहिला की माझा जीव तुटतो.

वडिलांना जीबी आणि सेकंद यांत रस नव्हता, आणि का असावा? मी विचारलं, "चाळीत नळ किती?"

"आमच्या मजल्यावर एक."

"मग सकाळी काय होतं?"

ते हसले. बस्स, तिथून पुढे सोपं गेलं. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. प्रोसेसर ज्या रॅमवर काम करतो त्याच नळावर यालाही बादली लावायची. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि गेम नीट दिसायचा तर ते सगळे सेकंदाला निदान साठ वेळा नव्याने भरायचे. रॅमची एक पट्टी म्हणजे एक नळ, दोन पट्ट्या म्हणजे दोन. कार्डाची गोष्टच वेगळी, त्याची स्वतःची टाकी. त्या पलीकडच्या आरटीएक्स ४०६०च्या मेमरीची वाट सेकंदाला २७२ जीबी, आणि त्यात प्रोसेसरचा वाटा नाही.

मुलाला मात्र बोलून पटणार नव्हतं. त्याला ५६००जीपुढच्या खुर्चीवर बसवलं. व्हॅलोरंट लावला, फुल एचडी, सेटिंग कमी. सेकंदाला किती चित्रं ते दाखवणारा कोपऱ्यातला आकडा १२०-१३०च्या आसपास हलत राहिला. त्याचा चेहरा फुलला. मग मी मशीन बंद करून एक पट्टी काढली आणि पुन्हा तोच गेम. ऐंशीच्या घरात. जीटीए ५ मध्ये फरक आणखी जाणवला. दोन पट्ट्यांवर साठच्या आगेमागे, एका पट्टीवर चाळीसच्या वर जाईना, आणि गाडी वळवताना रस्ता क्षणभर थबकायचा. त्याने स्वतःच मागे वळून विचारलं, "म्हणजे त्या कोटेशनमधली एक पट्टी…?"

"तिथे कार्ड असल्यामुळे एवढं बिघडलं नसतं. पण ते कार्डच तसं आहे."

मग त्याला सायबरपंक २०७७ हवा होता. मी लपवलं नाही. ५६००जीवर फुल एचडीत सगळं खाली आणूनही वीस-पंचवीस. पावसात रात्रीच्या रस्त्यावर माणसं उड्या मारत चालल्यासारखी. त्याला पलीकडच्या खुर्चीवर बसवलं, ४०६०वर. हाय सेटिंगवर आकडा सत्तरच्या खाली फारसा येत नव्हता, डबक्यात दिव्यांची रंगीत प्रतिबिंबं. तो काही बोलला नाही. वडीलही त्याच्या पाठीशी उभे राहून पडद्याकडे पाहत होते आणि मला कळत होतं की मनात ते हिशेब करताहेत.

ही घडी मला सगळ्यात अवघड जाते. फरक खरा आहे. "पोटातलं ग्राफिक्सच पुष्कळ" असं म्हणून तो झाकणं म्हणजेही फसवणूकच. आणि गेम म्हणजे वेळेचा नास असं मी कधी म्हणत नाही. मुलगा संध्याकाळी मित्रांबरोबर दोन तास हसत असेल तर ती त्याची खरी गरज आहे.

"रोज काय खेळतोस?" मी विचारलं.

"व्हॅलोरंट. सगळे तेच खेळतात."

"आणि सायबरपंक?"

"व्हिडिओत बघितलाय."

मग कागद घेतला. आत्ता ५६००जी, आठ-आठच्या दोन पट्ट्या, पुढे कार्ड पेलेल असा ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस, चार स्लॉटचा बोर्ड, साधं पण हवा खेळणारं कॅबिनेट, ७५ हर्ट्झचा मॉनिटर. कार्डाची जागा रिकामी. एक गोष्ट तेव्हाच सांगून टाकली. ५६००जीची कॅश साध्या ५६००च्या निम्मी, १६ एमबी. त्यामुळे उद्या मोठं कार्ड लावलं तर तो साध्या ५६००पेक्षा थोडा मागे राहील. ही त्याची किंमत आहे आणि ती आज माहीत असलेली बरी.

वडिलांनी विचारलं, "म्हणजे दोन वर्षांनी अख्खं बदलायला नको?"

"नको. फक्त कार्ड आणायचं."

दुपारी १.४०

डबा. भेंडी आणि दोन पोळ्या, त्याही उभ्याउभ्याच. बाबा म्हणायचे, बोर्डावरच्या ग्राफिक्सवर फक्त ऑफिसची कामं करायची. त्यांच्या काळात ते खरंच होतं. १९९९ साली इंटेलचा ८१० चिपसेट आला, त्यात ग्राफिक्स बोर्डावरच होतं, पत्र लिहायला आणि पत्ते खेळायला पुरेसं. त्याच वर्षी एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं. तेव्हापासून घरची मशिनं आणि खेळाची मशिनं अशी दोन जातींची उतरंड पडली. २०११मध्ये इंटेलने सँडी ब्रिजमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपवर आणलं आणि उतरंड सैल होऊ लागली. बाबांना हे ५६००जी दाखवायला मिळालं असतं तर!

दुपारी २.३०

एक कॉलेजचा मुलगा आरएक्स ५८० घेऊन आला. ऑनलाइन कुठूनतरी स्वस्तात मिळालं म्हणाला. गेम बंद पडतात. बेंचवर लावून कार्डाची कुंडली दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं. शेडर, म्हणजे कार्डातली चित्र रंगवणारी छोटी युनिटं, २०४८. खऱ्या ५८०चे २३०४ असतात. २०४८वालं कार्ड बनावट नाही, एएमडीने ते चीनच्या बाजारासाठी काढलं होतं, पण पाठीवर नाव तेच आणि वेग कमी. विकणाऱ्याने तेवढं सांगायला हवं होतं.

पंख्याचं कव्हर उघडलं. मेमरीवरच्या थर्मल पॅडमधून तेल पाझरून बोर्डावर पसरलं होतं, धूळ त्यात मुरून काळा चिखल झालेला. महिनोन्‌महिने दिवसरात्र तापत राहिलेल्या कार्डाची ही खूण. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमची खाणकामाची पद्धत बंद झाली आणि अशी कार्डं बाजारात ढिगाने आली. काही उत्तम निघतात, मी स्वतः विकली आहेत. हे तसं नव्हतं. पॅड बदलले, पेस्ट लावली, पण मेमरीच्या एका चिपमुळे पडद्यावर हिरवे चौकोन येतच राहिले. त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. "तुझ्या मशिनात आहे त्या ग्राफिक्सवर तात्पुरतं भागव, घाईत दुसरं घेऊ नकोस," एवढं सांगितलं.

दुपारी ४.०५

भायखळ्याचं गिऱ्हाईक. नवं कार्ड लावल्यापासून यूपीएस टूं करून बंद पडतो. ६०० व्हीएचा यूपीएस, पेलतो ३६० वॉट. आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॉट घेतं आणि क्षणभर त्याहून जास्त ओढतं. वर प्रोसेसर, वर मॉनिटर. कार्डाच्या खर्चात यूपीएस धरायचा असतो. पोटातल्या ग्राफिक्सचं मशीन त्याच यूपीएसवर आरामात चालतं.

संध्याकाळी ५.४५

लालबागच्या मशीनची जोडणी. मुलगा टेबलाच्या कडेला उभा, हात मागे बांधून, जणू ऑपरेशन चाललंय. मी त्याला पट्ट्या त्याच्याच हाताने बसवायला दिल्या. "दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. शेजारीशेजारी लावल्यास तर पुन्हा एकच नळ." टक्, टक्. दोन्ही बाजूंची खिट्टी बसल्याचा आवाज आला आणि त्याने श्वास सोडला.

बायोसमध्ये जाऊन रॅमचं प्रोफाइल चालू केलं, नाहीतर ३२००ची रॅम मुकाट कमी वेगाने चालत राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही. ग्राफिक्ससाठी दोन जीबी राखून ठेवले. वडिलांनी पडद्यावर तो आकडा वाचला.

"म्हणजे हेही दोन जीबीचं झालं?"

"झालं," मी म्हटलं. "पण हे दोन जीबी तुमच्याच रॅममधले. चौदा विंडोजला आणि गेमला उरले."

ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या कागदावर असं कुणी सांगितलं नव्हतं."

रात्री ८.१५

बिल, जीएसटी १८ टक्के धरून चव्वेचाळीस हजार आठशे. बिलाच्या मागे मी पेनने लिहिलं: आधी मॉनिटरचे हर्ट्झ बघ, मग कार्ड. एसएमपीएस ५५०. यूपीएस बदलावा लागेल. दोघांनी मिळून खोका टॅक्सीत ठेवला. वडील पुढे बसले, मुलगा मागे, खोक्यावर हात ठेवून.

रात्री ९.५०

दादरहून सुटलेली कल्याण फास्ट, ठाण्याच्या जरा अलीकडे. फोन. लालबागचा मुलगा, मागे आईचा आणि बहुतेक शेजाऱ्यांचाही आवाज.

"ताई, सगळं लावलं. केबल वर लावायची की खाली?"

"वर. खाली अजून काही नाहीये."

"हां, बरोबर," तो म्हणाला. "आणि कार्ड आणल्यावर खाली."