तोडलेलं रान पुन्हा वाढतं तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल सरकारी नाही. ते लोकांच्या सातबाऱ्यावरचं आहे. आमच्या संगमेश्वराकडे घरात लग्न निघालं किंवा आजारपण आलं की रान तोडायला दिलं जातं. ठेकेदार उभ्या रानाचा सौदा करतो, लाकूड ट्रकने घाटावर जातं आणि काही वर्षांनी त्याच रानात पुन्हा करवत शिरते. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ आहेत, त्यामुळे परवानगी लागते. पण ती घेऊन तोड चालूच असते. म्हणून इथे वेगवेगळ्या वयाची रानं एकमेकांना लागून दिसतात.

तोडीनंतरच्या पहिल्या पावसातच किंजळाच्या, ऐनाच्या बुंध्यांना धुमारे फुटतात. एकेका बुंध्याभोवती फुटव्यांचा दाट झुपका, पानं नेहमीपेक्षा मोठी, कोवळी, तांबूस. खाली जुनी मुळं शाबूत असतात, त्यामुळे नुकत्याच रुजलेल्या रोपाला हे फुटवे सहज मागे टाकतात. काही वर्षांत डोंगर लांबून हिरवागार दिसू लागतो. लोक म्हणतात, जंगल परत आलं. मला ते मान्य नाही. परत येतात ती तोड सोसणारी झाडं. तोडीमागून तोड होत गेली की तेवढीच उरतात.

बुंध्यांमधल्या मोकळ्या जागेत आधी गवत येतं, मग धायटी, कुडा, रानमोडी आणि करवंद. ही सगळी उन्हातली मंडळी. त्यांत करवंदाच्या जाळीचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं. आमच्या बांधावरची एक जाळी काठीने बाजूला सारली तर आत जांभळाची आणि अंजनीची वीतभर रोपं होती. बाहेरची माती तडकलेली, आत पाचोळ्याखाली ओल. काट्यांमुळे गुरं तोंड घालत नाहीत. पाखरं फळं खायला जाळीवर बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून आणखी बिया पडतात. रान ‘साफ’ करताना या जाळ्या आधी तोडल्या जातात, याचं फार वाईट वाटतं.

ऐन-किंजळ उंच झाले की जमिनीवर सावली धरते. ऐनाच्या रोपाला ऊन लागतं, त्यामुळे ते स्वतःच्याच जातीच्या सावलीत नीट वाढत नाही. जांभूळ, अंजनी मात्र तिथे हळूहळू वर सरकतात आणि पानगळीच्या रानात सदाहरित झाडं शिरतात. याला अनेक दशकं लागतात. त्यातच वणवा लागला तर रोपं जळतात, बुंधे तेवढे पुन्हा फुटतात आणि क्रम मागे जातो.

रानजायफळासारख्या झाडाचं बी तर जवळपास जुनं झाड असल्याशिवाय सहसा येत नाही. आमच्याकडे अशी झाडं राहिली ती देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात. तिथली मोठी फळं धनेश पक्षी गिळतो आणि बिया दूर नेऊन टाकतो. पण त्याला घरट्यासाठी जुन्या, जाड झाडातली ढोली लागते. फुटव्यांच्या कोवळ्या रानात ती कुठून मिळणार?

रान तोडूच नका असं मी कुणाला सांगणार नाही. अडचण प्रत्येकाला असते. पण देवरहाटीला लागून असलेली पट्टी तोडीतून वगळा आणि करवंदाच्या जाळ्यांना हात लावू देऊ नका. ठेकेदाराशी सौदा करतानाच हे कागदावर लिहून घ्या.